चौकशी चालू ठेवावी

चौसाळकर पडले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मंत्री नऊला येणार होते.

कडेगव्हाणच्या एसटी स्टँडवर मांडव घातला होता. मांडव भरलेला दिसावा म्हणून पुढच्या खुर्च्यांवर कन्याशाळेच्या मुली आणून बसवल्या होत्या आणि त्या बिचाऱ्या पाणी मागत होत्या. बँडवाल्यांचं तीनदा वाजवून झालं होतं. मी नगरपालिकेच्या दवाखान्यातली सिस्टर, रणपिसे सिस्टर म्हणून गावाला ठाऊक. हातात ओवाळायचं तबक घेऊन सव्वादोन तास उभी होते. कार्यक्रम आरोग्याचा होता, तेव्हा फोटोत पांढऱ्या साडीतली एक बाई हवी, असं नगराध्यक्ष अंकुशराव मोहळकरांचं म्हणणं. बाकी त्या कार्यक्रमात माझं काम काय, हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

उद्घाटन होतं भिंतीवरच्या एका मशीनचं. जेवणाच्या डब्याएवढं, लाल रंगाचं. माणूस उभ्या उभ्या कोसळला, हृदय ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरायला लागलं, तर त्याच्या उघड्या छातीवर दोन पट्ट्या चिकटवायच्या आणि मशीन सांगेल तेव्हा बटण दाबायचं. विजेचा झटका बसतो आणि हृदय ताळ्यावर येतं. त्याला डॉक्टर लागत नाही. ज्याला पाकिटावर तिकीट चिकटवता येतं त्याला हे जमतं. फक्त पहिल्या चार-पाच मिनिटांत जमवायचं. त्यानंतर तुम्ही मशीन आणलंत काय नि आरतीचं ताट आणलंत काय, सारखंच.

सरकारनं यासाठी गावागणिक एका मशीनचा निधी दिला होता. निधीत तीन गोष्टी होत्या: मशीन, लोकांना प्रशिक्षण आणि प्रसिद्धी. मशीन घेणं भागच होतं, नाहीतर उद्घाटन कशाचं करणार? प्रशिक्षणाचा पैसा मात्र प्रसिद्धीकडे वळवला, कारण मार्च संपत आला होता आणि पन्नास माणसं शिकवण्यापेक्षा एक बोर्ड लवकर होतो. बोर्ड बारा फुटी झाला. त्यावर आठ पुढाऱ्यांचे फोटो आणि खाली मशीन कसं वापरायचं त्याची चित्रं होती. मग नववे पुढारी रुसले. चित्रं काढली आणि तिथं त्यांना बसवलं.

मशीन शिकून आले मी एकटी, तेही रजा टाकून, स्वतः तिकीट काढून, जिल्ह्याला जाऊन. आल्यावर स्टँडचे कंट्रोलर शेखभाई यांना आणि दोन हमालांना छाती कशी दाबायची ते गोणपाटाच्या गाठोड्यावर शिकवलं. अंकुशराव एकदा तिथून जात होते. त्यांनी थांबून विचारलं, गाठोड्याला काय झालंय.

आता चौसाळकर. उद्धवराव चौसाळकर म्हणजे आमच्या नगरपालिकेचे हेडक्लार्क. मुख्याधिकारी येत, जात. अध्यक्ष निवडून येत, पडत. चौसाळकर मात्र त्याच खुर्चीत, त्याच लाकडी पट्टीनं समास आखत. त्यांच्या कमरेला बावीस किल्ल्यांचा जुडगा असायचा. ऑफिसातलं प्रत्येक कपाट, प्रत्येक खोली, स्मशानातली लाकडांची वखारसुद्धा त्या जुडग्यात. कुठल्याच किल्लीवर चिठ्ठी नाही. कोणती कुठली हे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात, आणि त्यामुळेच ते रजेवर गेले की अख्खी नगरपालिका रजेवर जायची.

मशीनला पिंजरा करायचा, लोखंडी, आणि त्याला कुलूप लावायचं, ही टिप्पणी त्यांचीच. मी त्यांच्या टेबलाशी जाऊन भांडले. म्हटलं, सरकारच्या पत्रात स्पष्ट लिहिलंय, मशीन सहज हाताशी येईल अशा ठिकाणी ठेवा. त्यांनी मला स्वतःची टिप्पणी काढून दाखवली. त्यात लिहिलं होतं: 'सहज हाताशी येईल अशा ठिकाणी, कुलूपबंद.' मी म्हटलं, माणूस मरत असेल तर किल्ली शोधत फिरायचं का? ते शांतपणे म्हणाले, स्टँडवरचा नळ तीनदा चोरीला गेलाय, सिस्टर, हे गेलं तर उत्तर मी द्यायचं. माझं डोकं असं फिरलं की त्या दिवशी त्यांचा रक्तदाब मी मुद्दाम मोजला नाही, उद्या या म्हणून परत पाठवलं.

पिंजरा झाला. नाकापेक्षा मोती जड. मशीन दीड किलोचं, पिंजरा वीस किलोचा. मग मंत्र्यांची तारीख मिळेना म्हणून ते सगळं सात महिने भिंतीवर तसंच झाकून ठेवलं होतं. त्या सात महिन्यांत स्टँडवर एक केळीवाला छातीत कळ येऊन गेला. मी तेव्हा दवाखान्यात होते, पोहोचेपर्यंत संपला होता. त्याच्या डोक्यावर, हात वर केला असता तर लागलं असतं इतक्या उंचीवर, मशीन फडक्याखाली होतं. मी हे बोलून दाखवलं, तर अंकुशराव म्हणाले की अजून उद्घाटन व्हायचंय, सिस्टर.

तर असं उद्घाटन एकदाचं ठरलं. पिंजऱ्याला लाल फीत बांधली. खाली नारळ फोडायला काळा दगड, बाजूला खुर्चीवर सत्काराच्या शाली. चौसाळकर सकाळी सहापासून पळत होते. पुष्पगुच्छ आले का, माईक चालतो का, मंत्र्यांच्या खुर्चीवर टॉवेल आहे का. उन्हात घाम निथळत होता, तोंडाचा रंग मला बरा दिसेना. मी दोनदा म्हटलं, बसा जरा. ते म्हणाले, साहेब आले की बसतो.

साहेब यायच्या आधी ते आडवे झाले. हातात माईकची वायर होती, ती सोडली नाही. आवाज नाही, हाक नाही. पिंजऱ्यापासून पाच पावलांवर, सरळ पालथे.

मी तबक कुठं टाकलं मला आठवत नाही. त्यांना उताणं केलं, मानेशी बोटं लावली. काही नाही. श्वास म्हणावा तर माशासारखा एखादा आचका. शेखभाई धावत आले, मला विचारलंही नाही, गुडघे टेकले आणि छाती दाबायला लागले. मी चौसाळकरांच्या कमरेचा जुडगा ओढून काढला आणि पिंजऱ्याशी गेले.

बावीस किल्ल्या. एक लावली, लागेना. दुसरी लावली, लागेना. कोणती किल्ली हे जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो मागं जमिनीवर पडला होता. तिसरीही लागेना. केळीवाल्याची बायको डोळ्यांसमोर आली. मी जुडगा फेकला आणि नारळाचा दगड उचलला.

तेवढ्यात अंकुशराव आडवे आले. खरोखर आडवे, हात पसरून, फितीच्या पुढं.

"सिस्टर, पाच मिनिटं," ते म्हणाले. "गाडी फाट्यावर आलीय. साहेबांच्या हातनं उघडू आणि लगेच लावू. पहिला पेशंट साहेबांच्या हातनं झाला तर केवढी बातमी होईल."

मी त्यांना काय म्हणाले ते इथं लिहीत नाही. पुढच्या रांगेत शाळेच्या मुली होत्या, त्यांनी ऐकलं तेवढं पुरे. अंकुशराव बाजूला झाले आणि मी दगड घातला. कुलूप नामी पितळेचं होतं, हललं नाही. दुसऱ्या घावाला मात्र कडीच वेल्डिंगसकट निखळून हातात आली. ठेकेदारानं नुसता टाका मारून रंग फासला होता. काम चोख झालं असतं तर चौसाळकर त्या दिवशी गेले असते. टक्केवारीनं वाचलेला हा आमच्या गावातला पहिलाच जीव.

फीत तुटली. मशीन काढलं, झाकण उघडलं. ते हिंदीत बोलायला लागलं. शर्टाची बटणं तोडली. छाती घामानं नुसती ओली, पट्टी चिकटेना. हाताला लागली ती सत्काराची शाल ओढली आणि खसाखसा पुसलं. एक पट्टी उजवीकडे गळ्याखाली, एक डावीकडे बरगडीवर. मशीन म्हणालं, मरीज को कोई न छुए. सगळे मागं सरले. एका नगरसेवकानं चपला काढून हात जोडले. मी बटण दाबलं.

चौसाळकर उडाले आणि पडले. शेखभाईंनी परत दाबायला सुरुवात केली. मी मोजत होते. चाळीस... पन्नास... आणि त्यांनी खोकल्यासारखं केलं. मग श्वास घेतला. मग दुसरा घेतला. मी तिथंच मटकन बसले आणि रडायला लागले. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पेशंटसमोर मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

नेमक्या त्या वेळी मंत्र्यांची गाडी आत आली. बँड वाजला. मंत्री उतरले, त्यांनी खाली पडलेला माणूस, त्याच्या छातीवरच्या वायरी आणि रडणारी सिस्टर असं सगळं पाहिलं, आणि टाळ्या वाजवल्या. प्रात्यक्षिक फार छान बसवलंय, अगदी खरं वाटतं, असं ते अंकुशरावांना म्हणाले. अंकुशरावांनी मान तुकवली.

आम्ही चौसाळकरांना मशीनसकट ॲम्ब्युलन्समध्ये घातलं आणि निघालो. मागं काय झालं ते मला शेखभाईंनी सांगितलं. तुटलेल्या फितीला गाठ मारली, पिंजऱ्याला परत बांधली आणि मंत्र्यांनी ती कात्रीनं कापली. पिंजरा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: रिकाम्या पिंजऱ्यासमोर नऊ माणसं हसताहेत.

मला वाटलं, झालं एवढं पुरे झालं. आता तरी कुलूप जाईल. कसलं काय. दहा दिवसांत सभेत ठराव आला: जुना पिंजरा कमकुवत निघाल्यानं त्याजागी दुप्पट जाडीचा पिंजरा बसवावा, दोन कुलपं लावावीत, एक किल्ली मुख्याधिकाऱ्यांकडे, एक अध्यक्षांकडे. एका सिस्टरनं दगडानं फोडलं, उद्या कोणीही फोडेल, असं अंकुशराव सभेत बोलले. ठराव एकमतानं मंजूर. मशीन तोवर उघड्याच पिंजऱ्यात ठेवलं होतं आणि मी रोज कामावर जाताना वाट वाकडी करून ते बघून यायची. नवा पिंजरा कधीही येईल या धाकानं मला अन्न गोड लागेना.

दीड महिन्यानं चौसाळकर परत कामावर आले. निम्मे झाले होते. कॉलर गळ्याभोवती सैल, चालणं हळू. दवाखान्याच्या दोन पायऱ्या चढून आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला. त्यांनी मोकळ्या हातानं खिशातून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

"पोहोच म्हणून सही करा," ते म्हणाले.

कारणे दाखवा नोटीस होती. माझ्या नावची. मी वाचली. मुद्दा एक, शासकीय मालमत्ता दगडाने फोडणे. मुद्दा दोन, मंत्रिमहोदयांच्या आगमनापूर्वी फीत तोडून उद्घाटनसदृश कृती करणे. मुद्दा तीन, सत्काराची शाल घाम पुसण्यासाठी वापरणे. खुलासा सात दिवसांत सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. अक्षर टाइपाचं, पण समास पट्टीनं आखलेला.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच. आधी दुसऱ्यानं लिहिलं होतं, पण त्यात तारीखच चुकली होती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, ती स्टुलावर येऊन बसेल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. पट्ट्यातली हवा सोडायची राहिली, त्यांचा हात जांभळा पडायला लागला, तरी माझं तोंड चालूच. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही तीन मिनिटं मेलेले होतात, चौसाळकर. तुमच्या नोटिशीत ते कुठंय?

"ते घेता येत नाही," ते म्हणाले. "मृत्यूचा दाखला नाही."

हे ते थट्टेत बोलले की नेहमीच्या गंभीरपणानं, मला आजवर कळलेलं नाही. पण मी गप्प झाले आणि हवा सोडली. त्यांनी दंड चोळला. मग दार लोटून घ्या म्हणाले. मी लोटलं.

"खुलासा देऊ नका," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुम्ही खुलासा दिलात की चौकशी संपते. तो मान्य होवो, न होवो, समज देऊन प्रकरण निकाली. प्रकरण निकाली निघालं की नवा पिंजरा. आणि चौकशी चालू असेल तोवर फुटलेला पिंजरा हा पुरावा. तशी टिप्पणी मी काल ठेवली. मुख्याधिकाऱ्यांची सही झाली. पुरावा आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत राहील. त्याला कोणी हात लावायचा नाही, नवं कुलूप बसवायचं नाही."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता.

"मुदत मागा," ते पुढं म्हणाले. "प्रकृती ठीक नाही म्हणून. मी मुदत देतो. परत मागा. परत देतो. या नगरपालिकेत अठरा-अठरा वर्षं चाललेल्या चौकशा आहेत. त्यातल्या एकीत चौकशी कशाची, हे आता कोणालाच ठाऊक नाही, तरी चालू आहे."

मी विचारलं, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? तुम्ही मरून परत आलेला माणूस. सरळ अध्यक्षांना सांगा ना, कुलूप नको म्हणून.

"सांगितलं. म्हणाले, तुमच्या वेळी कुलूप होतंच की. वाचलातच ना?"

बाहेर रांगेत कोणाचं तरी पोर रडत होतं. चौसाळकरांनी दुसऱ्या खिशातून दुसरा कागद काढला आणि पहिल्याच्या शेजारी, कडेला कड जुळवून ठेवला.

"हा तुमचा खुलासाही मी लिहून आणलाय. चांगला लिहिलाय. यावर सही केलीत तर आठ दिवसांत तुम्ही मोकळ्या. तुमच्या रिटायरमेंटला चार महिने राहिलेत हे मला माहीत आहे. चौकशी चालू असताना रिटायर झालात तर पेन्शन तात्पुरती मिळेल, ग्रॅच्युइटी अडकेल, निरोप समारंभ होणार नाही. सेवापुस्तकावर शेरा राहील. म्हणून विचारायला आलो. मी सांगत काहीच नाही."

"तुम्ही काय केलं असतंत?"

त्यांनी मान खाली घातली. "मला विचारू नका, सिस्टर. कुलूप लावणारा मी."

त्यांचे डोळे भरले. एकोणतीस वर्षं मी त्या माणसाला बघत होते. आईच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर येऊन समास आखणारा माणूस तो. मला एकदम त्याची कीव आली आणि त्याहून जास्त स्वतःची. ग्रॅच्युइटीत मला घरावर वरचा मजला चढवायचा होता. मुलीचं बाळंतपण तिथं व्हायचं होतं. निरोपाला नेसायची साडीसुद्धा घेऊन ठेवली होती, अंजिरी रंगाची, आणि एकोणतीस वर्षांत माझ्या नावावर एक लेटमार्क नव्हता. या सगळ्यावर पाणी सोडायचं, आणि तेही चोर म्हणून.

मी पहिल्या कागदावर पोहोच म्हणून सही केली. दुसरा उचलून त्यांना परत दिला. मग त्यांच्याच पेनानं अर्ज लिहिला: प्रकृती ठीक नसल्याने खुलासा सादर करण्यास मुदतवाढ मिळावी. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि आपलं बीपी किती भरलं ते विचारलं. मी म्हटलं, तुमचं ठीक आहे.

याला अकरा वर्षं झाली. मी रिटायर झाले त्या दिवशी मला कोणी नारळही दिला नाही. अंकुशरावांनी गावात सांगितलं की सिस्टरवर चौकशी आहे. कशाची ते सांगितलं नाही, त्यामुळे लोकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे औषधं चोरली, पैसे खाल्ले असं जोडून घेतलं. माझ्या सख्ख्या भावजयीनं मला विचारलं की तुम्ही किती खाल्ले होते हो वन्सं. माझ्या घरावर अजून गच्चीच आहे आणि मुलीचं बाळंतपण खालच्या खोलीत झालं. वाईट वाटलं का? वाटलं. अजून वाटतं. देवळात बायका कुजबुजायला लागल्या की आजही कानशिलं तापतात.

पण मशीन उघडं राहिलं. या अकरा वर्षांत ते चारदा वापरलं गेलं. एक कंडक्टर, एक लग्नाला आलेला पाहुणा, एक कॉलेजची मुलगी. तिघं वाचले. चौथी एक म्हातारी होती, ती नाही वाचली. सगळेच वाचतात असं मी कधी म्हणत नाही. बॅटरी संपते, पट्ट्यांची मुदत संपते, त्यासाठी नगरपालिका पैसे देत नाही, कारण पुराव्यात बदल करता येत नाही. ते ड्रायव्हर-कंडक्टर वर्गणी काढून बदलतात, पुराव्याला कळू न देता.

चौसाळकर रिटायर झाले तरी दरवर्षी जानेवारीत माझ्याकडे चहाला यायचे आणि मुदतवाढीचा अर्ज लिहून आणायचे. मी सही करायची. त्यांनी आणखी नऊ वर्षं काढली, नातीचं लग्न बघितलं आणि झोपेत गेले. त्यानंतर अर्ज मी लिहिते.

परवा नवीन हेडक्लार्क घरी आली. केतकी वाघचौरे, परीक्षा देऊन लागलेली, हुशार, बोलायला गोड. माझी फाईल छातीशी धरून आली होती. मला आजी म्हणाली. अकरा वर्षांचा अन्याय झालाय तुमच्यावर, म्हणाली, मी सगळं वाचलं, मला रात्रभर वाईट वाटलं. तुमची निर्दोष मुक्तता करून प्रकरण या महिन्यात बंद करते, ग्रॅच्युइटी व्याजासकट सुटेल. तिनं माझा हात हातात घेतला. पोरीचा जीव खरा होता.

"आणि पिंजरा?" मी विचारलं.

"तो ठराव आहेच की मंजूर. दोन कुलपांचा. प्रकरण बंद झालं की बसवून टाकू."

मी तिला सगळं सांगितलं. चौसाळकरांचे दोन कागद, तिघं वाचले ते, सगळं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा उतरला. मग फाईल चाळून तिनं शेवटी नियमच सांगितला, कारण शिकलेली माणसं घाबरली की नियम सांगतात.

"पण आजी, अपचारी कर्मचारी मयत झाला तर चौकशी आपोआप बंद होते. ती मलाही चालू ठेवता यायची नाही."

अपचारी म्हणजे मी. मला हे चौसाळकरांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना माहीत नसेल असं होणं शक्य नाही. मी एकोणसत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत, साखर आहे. म्हणजे इतकी वर्षं कडेगव्हाणचं ते कुलूप माझ्या मरणाची वाट बघत बसलंय, आणि गावात ज्यांनी मला चोर ठरवलं त्यांचे जीव माझ्या आयुष्याला बांधलेले आहेत. मला हसू आलं. ती पोर घाबरून बघायला लागली.

मी तिला म्हटलं, कागद दे. दरवर्षी मी कारण लिहायची, प्रकृती ठीक नसल्याने. या वर्षी ते खोडलं. तिच्यासमोर बसून नवं लिहिलं, सही केली आणि अर्ज तिच्या हातात दिला: माझी प्रकृती ठणठणीत आहे, सबब खुलासा सादर करण्यास मुदतवाढ मिळावी.